प्लगला करंट नाही

मामाचा फोन आला तेव्हा मी दुकानात वडगावच्या एका यंत्रमागाची मोटर उघडून बसले होते, हात वार्निशनं चिकट, त्यामुळं फोन स्पीकरवर टाकला. "अगं ती आमची चार चाकाची गाडी हाय न्हवं, ती बघ की एकदा येऊन. प्लगला करंट न्हाई. मेकॅनिक म्हणालाय मॅग्नेट गेलंय, इंजिन उतरावं लागतंय, सहा हजार सांगालाय." मी विचारलं, आधी काय काय बदललंय? तर प्लग बदलला, एचटी कॉइल (प्लगसाठी व्होल्ट वाढवणारी कॉइल) बदलली, सीडीआय (ठिणगीची वेळ साधणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलला. तिन्ही नवीन. आणि करंट नाहीच.

आमचं बेळगावात शहापूरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आप्पांनी चालू केलं, आता बरंचसं मी बघते. शहापूर-वडगाव-खासबाग म्हणजे मागांचा भाग, त्यामुळं मागाच्या मोटरी, मग विहिरीचे पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटरी, उन्हाळ्यात कूलर, असं वर्षभर तांबंच तांबं. गाड्यांचं काम आम्ही करत नाही. पण मॅग्नेट गेलंय म्हणजे स्टेटरची, इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या भागाची, कॉइल गेली असं तो मेकॅनिक म्हणतोय, आणि कॉइल म्हटल्यावर मला राहवत नाही. गणपती झाल्यावरच्या शनिवारी मी मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, थोडी वायर, हीट स्लीव्ह, यूपीएसमधली एक १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असं सगळं स्कूटरच्या पुढ्यात ठेवून जांबोटीच्या रस्त्याला लागले.

मामाचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडं. ज्यांनी हा भाग पावसाळ्यात बघितलेला नाही त्यांना सांगून पटणार नाही असा पाऊस. पुढं कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तिथून चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा. जूनपासून ते सप्टेंबरपर्यंत घराच्या भिंतीला हात लावला तर ओलावा हाताला येतो, कपाटातल्या चपलांवर बुरशी, आणि गोठ्यातल्या पडवीत कापड टाकून झाकलेली गाडी असेल तर तिच्या प्रत्येक कप्लरच्या, म्हणजे वायरी जोडायच्या प्लॅस्टिकच्या सॉकेटच्या, आत काय चाललेलं असतं ते बाहेरून दिसत नाही.

गाडी म्हणजे छोटी एटीव्ही, खडबडीत जमिनीवर चालणारी चार चाकांची बाईकच, ११० सीसीची, चायनीज इंजिनाची. मामानं २०१९ ला गोव्यात पर्यटकांना फिरवणाऱ्या एका माणसाकडून सेकंडहँड घेतली होती. रस्त्यावर न्यायला पासिंग वगैरे काही नाही, ती घेतली काजूच्या बागेसाठी. बाग घराच्या मागं चढावर आहे, ट्रॅक्टर वर जात नाही, बैलगाडी जात नाही, खताची पोती डोक्यावरून न्यायची आणि काजू पोत्यात भरून डोक्यावरूनच खाली. मामाचा गुडघा तेव्हाच दुखायला लागला होता. या गाडीच्या मागच्या कॅरियरवर दोन पोती बसायची आणि चिखलात पण ती चढायची. दोन सीझन तिनं जीव तोडून काम केलं. मग २०२१ च्या पावसाळ्यात बॅटरी उतरली म्हणून उभी राहिली ती राहिलीच. आज बघू उद्या बघू करत वर्षं गेली.

हे इंजिन तसं साधं आहे आणि मला त्याचं कौतुक वाटतं. होंडानं १९५८ ला सुपर कब काढली तिचं आडवं झोपलेलं सिंगल सिलिंडर इंजिन, त्याच जातीची ही इंजिनं चीनमध्ये लाखोंनी बनतात, आणि त्यामुळं वायरींचे रंगसुद्धा बहुतेक तेच होंडावाले असतात. ज्यांच्याकडं अशी गाडी पडून आहे त्यांच्या उपयोगाचं म्हणून लिहिते. सीडीआयच्या कप्लरमध्ये काळी-लाल म्हणजे स्टेटरच्या एक्साइटर कॉइलमधून येणारी, निळी-पांढरी म्हणजे पिकअपची, हिरवी अर्थ, काळी-पिवळी एचटी कॉइलला जाणारी, आणि काळी-पांढरी किल स्विचची. पाच वायरी. त्या पाचांत सगळा खेळ आहे.

खेळ कसा ते मामाच्या नातीला, म्हणजे माझ्या मामेभावाच्या मुलीला मी सांगत होते, ती नववीत आहे आणि सकाळपासून माझ्यामागं स्टूल घेऊन फिरत होती. मी तिला विहिरीवरचा हौद दाखवला. म्हटलं हे बघ, फ्लायव्हीलमध्ये लोहचुंबक आहेत, ते कॉइलीसमोरून फिरले की कॉइलीत करंट तयार होतो, फॅरेडेनं १८३१ ला दाखवलं तेच, तुमच्या सायन्सच्या पुस्तकात आहे. ही एक्साइटर कॉइल म्हणजे तुमचा पंप. सीडीआयमध्ये एक कपॅसिटर असतो, तो हौद. इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला पंप हौद भरतो, दोन-तीनशे व्होल्टपर्यंत. फ्लायव्हीलच्या बाहेरच्या अंगाला एक उंचवटा असतो, तो पिकअप कॉइलीसमोरून गेला की ती सांगते, आत्ता दार उघड. दार उघडलं की हौदातलं सगळं पाणी एकदम एचटी कॉइलीत, आणि तिथं त्याचे वीस हजाराच्या वर व्होल्ट होऊन प्लगच्या टोकावर उडी. ती उडी किती, तर पाऊण मिलिमीटरला पण कमी, ०.६-०.७. एवढीशी फट ओलांडायला एवढं सगळं रामायण.

"आणि किल स्विच?" तिनं विचारलं. किल स्विच म्हणजे हौदाच्या बुडाला असलेलं बोळ्याचं भोक. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं. आपल्या घरात स्विच बंद म्हणजे वायर तुटली, या गाडीत स्विच बंद म्हणजे वायर जोडली. काळी-पांढरी वायर बॉडीला टेकवली की पंप कितीही चालू दे, पाणी हौदात थांबतच नाही, सगळं जमिनीत. म्हणून इंजिन बंद होतं. या छोट्या एटीव्हींना तर हँडलवर लाल बटण, चावी, आणि मागं एक दोरीचा टॅग असे तीन-तीन किल असतात, मूल चालवत असेल तर मोठ्या माणसानं मागून दोरी ओढली की गाडी बंद. चांगली सोय आहे. पण तिन्ही जाग्यांहून येणाऱ्या वायरी शेवटी त्या एकाच काळ्या-पांढऱ्यावर येतात.

आता काम कसं केलं ते सांगते, चुकीसकट, कारण चुकीमुळंच हे लिहावंसं वाटलं.

आप्पांची एक पद्धत आहे. कुठलीही मोटर उघडायच्या आधी वहीत एक पान काढायचं, वर तारीख, मग प्रत्येक रीडिंग लिहायचं, आणि समोर एका शब्दात निकाल. "बरी", "शॉर्ट", "तुटलेली". डोक्यात काही ठेवायचं नाही. मी पण तेच केलं, नातीकडं वही दिली, ती लिहिणार मी सांगणार.

बॅटरी मेलेलीच होती, माझी यूपीएसची जोडली. ब्रेक लिव्हर दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, तो दाबून सेल्फ मारला, इंजिन छान फिरलं. म्हणजे जाम नाही, हेच मोठं सुख. प्लग काढला, कॅपमध्येच ठेवून त्याची धातूची बाजू इंजिनाच्या हेडला टेकवली, प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते आणि ठिणगी तिच्यात पडली तर तोंडावर भडका येईल. पोरीला चार हात मागं उभी केली. पडवीत अंधारच होता. सेल्फ. काही नाही. प्लगच्या टोकावर अंधार.

सीडीआयबद्दल एक शंका होती. बेळगावात हे सामान विकणाऱ्या एका दुकानात मी आदल्या दिवशी विचारून ठेवलेलं, तर गल्ल्यावरच्या अण्णांनी पहिला प्रश्न हाच केला, "ए.सी. बेकेनरी, डी.सी. बेकेनरी?" म्हणजे एसी पाहिजे का डीसी. प्रश्न एकदम बरोबर. डीसी सीडीआय बॅटरीवर चालतो, एसी सीडीआय स्टेटरवर, डबा दिसायला सारखा, कप्लर पण बसतं कधीकधी, आणि चुकीचा बसला तर जन्मात करंट येणार नाही. मामाच्या गाडीत मेकॅनिकनं बसवलेला एसीच होता, जुन्याशी पिना जुळवून बघितल्या. त्या बाबतीत त्यानं काम बरोबर केलं होतं.

मग मी काळी-पांढरी वायर सीडीआयपासून सोडवली. ही सगळ्यात सोपी आणि फुकटची टेस्ट, कारण अशा उभ्या गाड्यांत निम्म्या वेळा किल स्विचच गंजून चिकटलेला असतो. वायर सोडवली, सेल्फ मारला. काही नाही. मी पोरीला सांगितलं, लिही, किल वायर, निर्दोष. आणि वायर परत जोडून टाकली.

ते "निर्दोष" मी इतक्या सहज लिहायला लावलं.

पुढची टेस्ट मीटरनं. एचटी कॉइल प्रायमरी अर्धा ओहमच्या आसपास, सेकंडरी कॅप काढून तीन किलोओहमच्या वर, कॅप स्वतः पाच किलो. सगळं ठीक, नवीनच होती. तिचा अर्थ मात्र फ्रेमच्या पेंटवर नट आवळून घेतलेला, खाली गंज, तो पॉलिश पेपरनं घासून धातू दिसेपर्यंत साफ केला. एचटी वायरचं टोक पाव इंच कापून ताज्या तांब्यात कॅप फिरवली. मग सीडीआयचं कप्लर काढून वायरिंगच्या बाजूला मीटर. निळी-पांढरी ते हिरवी, १३८ ओहम. पिकअप बरी. काळी-लाल ते हिरवी, काही नाही. उघडी. मीटरवर नुसतं ओएल.

माझ्या छातीत जरा धडधडलं, खरं सांगते. म्हणजे मेकॅनिक बरोबर होता, एक्साइटर कॉइल तुटली. आणि एकीकडं मला बरं पण वाटलं, कारण ही माझी वस्तू. स्टेटरच्या बहुतेक खांबांवर जाड तारेच्या कॉइली असतात त्या लाईट-चार्जिंगच्या, आणि एक टेपात गुंडाळलेली, केसासारख्या बारीक तारेची, ती एक्साइटर. असली बारीक तार मी पंख्यांच्या कामात भरपूर ओढलेली आहे. मनातल्या मनात मी मशीनवर बॉबिन चढवून काउंटर शून्य करून बसले पण होते. मामाला म्हटलं, कव्हर उघडू या, फ्लायव्हील पुलर आणावा लागेल खानापुरातून.

जेवायला बसलो तेव्हा आप्पांचा फोन आला, काय झालं विचारायला. मी रीडिंगं वाचून दाखवली. ते एवढंच म्हणाले, "कुठल्या टोकाला बघितलंस?" सीडीआयच्या टोकाला. "मग तू कॉइल बघितलीच न्हाईस अजून. कॉइल आणि वायर दोन्ही मिळून बघितलंस. कॉइलीच्या तोंडाला बघ."

हातातला भाकरीचा तुकडा तसाच ठेवून उठले, मामी ओरडत होत्या अगं आधी जेव. स्टेटरच्या वायरी इंजिनातून डाव्या बाजूनं वर येतात आणि सीटखाली एका सहा पिनांच्या पांढऱ्या कप्लरमध्ये जातात. ते कप्लर उघडून इंजिनाच्या बाजूच्या अर्ध्यात मीटर लावला. ३८६ ओहम. कॉइल ठणठणीत होती. आतलं सगळं तेलात, अंधारात, सुखरूप बसून होतं, आणि आम्ही तिला मेलेली ठरवून इंजिन फाडायला निघालो होतो.

मग ते कप्लर मी उजेडात नेलं. हे मला नीट सांगायचं आहे. वायरिंगच्या बाजूच्या पाच पिना पिवळट, जरा काळवंडलेल्या, पण आहेत. सहावी, काळ्या-लालची, जाग्यावर दिसतच नव्हती. ती मागं सरकली होती. पितळेच्या पिनेला पाठीला एक इवलीशी जीभ असते, ती प्लॅस्टिकच्या खाचेत अडकते म्हणून पिन मागं जात नाही. ती जीभ गंजून गळून गेली होती, त्यामुळं पिन दोन-तीन मिलिमीटर मागं, आणि समोरच्या पिनेला टेकायचीच नाही. सुईनं मी ती मागून ओढून काढली तर बरोबर हिरवी पूड बाहेर आली, आणि वायर जिथं पिनेत दाबलेली असते तिथं तांब्याच्या तारा हिरव्या होऊन बोट लावल्यावर तुटल्या, वाळलेल्या गवतासारख्या. पोरीनं ती पूड कागदावर घेतली, वहीत ठेवते म्हणाली. मी नको म्हटलं, हात धू.

वायरचं इन्सुलेशन चार बोटं मागं सोललं तरी आत काळंच तांबं. आणखी सोललं, मग कुठं लाल चकचकीत दिसलं. तिथं कापून नवा तुकडा सोल्डर केला, हीट स्लीव्ह, नवी पिन माझ्याकडं नव्हती म्हणून त्या एका वायरीला कप्लर बाजूला ठेवून वेगळी बुलेट पिन लावली. बाकीच्या पाच पिना कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुतल्या. सीडीआयच्या टोकाला परत मीटर, काळी-लाल ते हिरवी, ३८७. सेल्फ मारून एसी व्होल्ट बघितले, साठच्या आसपास. पंप पाणी देतोय. मी मामाला हाक मारली, म्हटलं या बघायला, आता ठिणगी दाखवते.

सगळे आले. मामा, मामी, शेजारचे एक काका, कुत्रं. प्लग हेडला टेकवला, सेल्फ मारला.

अंधार.

परत मारला. काही नाही. शेजारचे काका म्हणाले, जाऊ दे की, जुनी झाली. मामा काही बोलले नाहीत, ते गुडघ्यावर हात ठेवून परत घरात गेले, आणि मला ते फार लागलं. कारण माझी खात्री होती. प्रत्येक रीडिंग बरोबर होतं. कॉइल बरी, पिकअप बरी, एचटी बरी, अर्थ बरा, सीडीआय नवा आणि बरोबर जातीचा. म्हणजे आता सीडीआयवरच संशय, नवा असला तरी पहिल्यापासूनच खराब असेल, तो परत आणावा लागेल, असं मी मनात जुळवायला लागले होते. म्हणजे मी पण तेच करायला निघाले होते जे त्या मेकॅनिकनं केलं. कळत नाही तर बदल.

वही पोरीच्या मांडीवर होती. ती वरून एकेक वाचत होती, अगदी शाळेतल्या सारखं मोठ्यानं, आणि किल वायर निर्दोष वाचल्यावर थांबून म्हणाली, "आत्या, हे आपण पंप नसताना बघितलं न्हवं?"

मी तिच्याकडं बघतच राहिले. हौदाला भोक आहे का हे बघायला आधी हौदात पाणी यावं लागतं. सकाळी जेव्हा मी काळी-पांढरी सोडवून सेल्फ मारला तेव्हा एक्साइटरची वायर तुटलेलीच होती, हौद कोरडा होता. बोळा काढ नाहीतर घाल, कोरड्या हौदातून काय बाहेर येणार? ती टेस्ट झालीच नव्हती. ठिणगी आली नाही एवढ्यावरून मी एका वायरीला सुटका देऊन टाकली, मीटर न लावता, आणि वर परत जोडून पण टाकली.

चावी चालू केली, लाल बटण रनवर, दोरीचा टॅग जाग्यावर. सीडीआयचं कप्लर काढून काळी-पांढरी ते फ्रेम, कंटिन्युटीला मीटर. बीप. सलग, न तुटणारा बीप. जिथं काहीच वाजायला नको तिथं.

मग एकेक सोडवत गेलो. चावीचं कप्लर काढलं, बीप चालूच. हँडलचं काढलं, चालूच. मागच्या दोरीच्या स्विचचं काढलं, तरी चालू. म्हणजे स्विच तिन्ही चांगले, वायरच कुठंतरी बॉडीला लागलेली. मी मीटर धरून बसले आणि पोरीला सांगितलं वायरिंग पुढून मागं हळूहळू हलवत जा. सीटखालून मागच्या मडगार्डकडं वळण घेते तिथं बीप तुटला, परत आला, परत तुटला. तिथली टेप सोडली तर आत उंदरानं घर केलेलं, काजूच्या टरफलाचे तुकडे, पोत्याचा सुतळीचा भुगा, आणि तीन वायरींचं इन्सुलेशन कुरतडलेलं. दोन सुदैवानं हवेत होत्या. काळी-पांढरी फ्रेमच्या पत्र्याला चिकटून, तिथं पत्र्यावर गंजाचा एक छोटा ठिपका पण पडलेला.

ती ओढून वेगळी केली. बीप बंद. पडवीत एकदम शांत झालं.

मी कुणाला बोलावलं नाही यावेळी. पोरीला म्हटलं ब्रेक धर आणि तूच सेल्फ मार, मी प्लगकडं बघते. आणि आली. निळी, बारीक, टक टक टक आवाज करत, एकदम ठाम. पिवळी मिणमिणती नाही, निळी. ज्यांनी हे बघितलेलं नाही त्यांना वाटेल एवढीशी ठिणगी बघून काय होतंय, पण मला त्या क्षणी डोळ्यात पाणी आलं आणि मी ते पुसलं पण नाही. पोरगी ओरडत आत पळाली, "आजोबा, करंट आला!" वाटेत बागेत कामाला येणारे कन्नड गडी उभे होते ते पण वाकून बघायला लागले, "किडी बंत नोडरी", ठिणगी आली बघा, म्हणत, आणि मामा यायच्या आधीच पाच माणसांनी ती ठिणगी बघून घेतली होती.

या कामात दोन बिघाड होते, हे मला सारखं वाटत राहतं, आणि दोन बिघाड म्हणजे एकाच्या दुप्पट अवघड नाही, त्याची गोष्टच वेगळी होते. एकच असता तर तो काढल्याबरोबर ठिणगी आली असती. दोन असले की एकाला हात लावला की दुसरा उत्तर दाबून धरतो. तुम्ही बरोबर वायर दुरुस्त करता आणि गाडी म्हणते, नाही. मग तुम्ही बरोबर केलेलं काम पण चूक समजून पुसून टाकता. आणि उभ्या राहिलेल्या गाडीत बिघाड कधी एकटा येतच नाही, कारण पाऊस सगळ्या कप्लरांवर सारखाच पडतो आणि उंदीर एकच वायर खाऊन थांबत नाही. चालत्या गाडीत काल बरं होतं आज बिघडलं असं असतं, एक गोष्ट शोधायची. उभ्या गाडीत चार वर्षांत काय काय झालं त्याला साक्षीदारच नाही.

त्या मेकॅनिकवर माझा राग नाही. त्याच्या दारात रोज वीस गाड्या असतात, त्याला ठिणगी हीच परीक्षा, पार्ट घाल, ठिणगी बघ, नाही तर पुढचा पार्ट. चालत्या बाईकला हे शंभरात नव्वद वेळा जमतं. इथं त्यानं जगातले सगळे पार्ट घातले असते तरी ठिणगी आली नसती, नवा स्टेटर घालून सुद्धा, कारण पिन तिथं मागंच सरकलेली आणि वायर पत्र्याला लागलेलीच राहिली असती. मामाचे सहा हजार गेले असते आणि वर गाडी भंगारात. हे मला सहन होत नाही. कारण अशा किती चांगल्या वस्तू आपल्या भागात पडव्यांतून पडून आहेत, पंप, पॉवर टिलर, फवारणीची मशिनं, ज्यांची कॉइल आत ठणठणीत आहे आणि बाहेर कुठंतरी दहा रुपयांची पिन गेलेली आहे.

रविवारी बाकीचं काम. कुरतडलेल्या तिन्ही वायरी नव्यानं ओढल्या, वायरिंगवर जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवले, पत्र्याच्या कडेला रबर. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, वार्निशसारखा वास, तळाला पाणी पण होतं, हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढून घेतं, त्यामुळं पावसाळ्यात टाकी भरून ठेवणं किंवा पूर्ण रिकामी करणं एकच खरं. एअर फिल्टरच्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं ते काढलं. कार्बोरेटर उघडून जेट साफ केले, तेल बदललं. दुपारी चारला सेल्फ मारला तर तिसऱ्या वेळी पेटली, भरपूर पांढरा धूर, कोंबड्या सैरावैरा, मग धूर विरला आणि आवाज स्थिर झाला. मामा गुडघ्याचं विसरून बसले तिच्यावर आणि चढावर बागेच्या पहिल्या वळणापर्यंत जाऊन आले. उतरल्यावर म्हणाले, "ब्रेक ढिला हाय गं मागचा." तो आवळला.

निघताना वही मी तिथंच ठेवली. "किल वायर, निर्दोष" या ओळीवर पोरीनं स्वतःच आडवी रेघ मारली होती आणि खाली लिहिलं होतं, "पुन्हा बघितली, पंप चालू असताना. शॉर्ट."

आता दर रविवारी ती गाडी दहा मिनिटं चालू ठेवते आणि मला आवाज रेकॉर्ड करून पाठवते. या रविवारचा ऐकला, दुकानात पट्टा लावून मोटर टेस्ट चालू होती ती बंद करून ऐकला. दुसऱ्या सेल्फला चालू होते आहे, पण आयडलला जरा वर-खाली करतेय, कार्बोरेटरमधला पायलट जेट, आयडलला पेट्रोल देणारं बारीक भोक, अजून पूर्ण उघडलेला नाही. दिवाळीला जाईन तेव्हा कार्बोरेटर परत काढणार आहे, आणि ती सहावी पिन मिळाली आहे, ती पण बसवायची आहे कप्लरमध्ये तिच्या जाग्यावर.